अंदमानसाठी घेतलेली बॅग

मी एक निळी बॅग बोलतेय. माजलगावला धरणाच्या वसाहतीत एका घरात, पलंगाखाली मी असते. मला चार चाकं आहेत, पण त्यांतली सगळी आता फिरत नाहीत. माझा आवाज जरा दमल्यासारखा वाटेल. वाटू द्या. मी खरंच दमलेय.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिक साच्यावर दाबलं आणि माझं अंग तयार झालं. मग कुणीतरी आत अस्तर शिवलं, कुणी चेन बसवली, कुणी चाकं ठोकली. त्यातल्या एकाचाही चेहरा मला आठवत नाही. त्यांनाही मी आठवत नसेन. ट्रकमध्ये एकीच्या पोटात दुसरी अशा आम्ही माजलगावच्या बाजारात आलो.

आमचा दुकानदार पावसाळाभर छत्र्या आणि रेनकोट बाहेर टांगायचा. पाऊस ओसरायला लागला की ते आत टाकायचा आणि आम्हाला बाहेर काढायचा. अशाच एका कोरड्या दुपारी एक बाई आली. सरकारी दवाखान्यातल्या नर्सची साडी, पायात रबरी चपला, हाताला धरलेली शाळकरी मुलगी. दुकानदार तिला ओळखत होता. त्याच्या सुनेचं बाळंतपण हिनंच केलं होतं.

"या सिस्टर. कुठं निघालाव?"

"अंदमानला."

"अंदमान? ते कुणीकडं आलं?"

"समुद्रात," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. "लई लांब हाय. चांगली मजबूत दाखवा."

तिनं माझी चेन ओढून बघितली, आत हात घालून बघितला. मुलगी म्हणाली, "आई, निळी घे." मी निळी होते. मला घेतलं.

ती सत्यशीला. माहेर उमापूरचं. लहानपणी पाणी म्हणजे विहिरीचं आणि लग्नानंतर धरणाचं, एवढंच तिनं बघितलेलं. समुद्र बघितलेला नव्हता. अंदमानला नोकरीवर असलेला एक जवान बायकोच्या बाळंतपणाला सुट्टीवर आला होता. वेणा लांबल्या, तो बाकावर बसून घाबराघुबरा झाला, तेव्हा त्याला बोलतं ठेवायला हिनं विचारलं, "तुमच्याकडं तिथं कसं असतं?" आणि तो समुद्राचे रंग सांगत बसला. बाळ झालं, तो पेढे देऊन गेला. पण हिच्या डोक्यातून ते रंग गेले नाहीत.

तिचे मालक सुंदरराव धरणावर नोकरीला. पाण्याची पातळी वाढली की दरवाजे उघडायचे, उतरली की बंद करायचे, रात्रंदिवस पाण्यावर नजर ठेवायची, असं त्यांचं काम. माणूस शांत. बायकोनं मला घरात आणलं तेव्हा त्यांनी माझं हँडल वरखाली करून बघितलं आणि म्हणाले, "दसरा झाला की निघू. तवर पाऊस बी संपतो."

घरात तिसरं मोठं माणूस म्हणजे सुंदररावांची आई, गीताबाई. त्या खाटेवरून म्हणाल्या, "अंदमान म्हंजी काळ्या पाण्यावरच ना रे? तिथं तर कैदी न्यायचे. तुमी कावून चाललाव? काय गुन्हा केलाव?"

सगळे हसले. गीताबाई मात्र हसल्या नव्हत्या. त्या खरंच घाबरल्या होत्या.

त्या वर्षी सत्यशीलानं मला पहिल्यांदा भरलं. नवी साडी, सुंदररावांची फुलांची नक्षी असलेली, आयुष्यातली पहिलीच अर्धी विजार, छोट्या सायलीचे दोन फ्रॉक, लाडवांचा डबा. भरताना ती तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती. मला वाटलं, बॅगेचं आयुष्य हे असंच असतं. किती सुखाचं.

मग दवाखान्यातून फोन आला. पाऊस संपला की पाणी साठतं, डास होतात आणि तापाची साथ येते. त्या वर्षी डेंग्यू एवढा पसरला की खाटा पुरेनात. सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. सत्यशीलानं लाडवांचा डबा काढून वॉर्डात नेला, बाकीचं कपाटात ठेवलं. मी कपाटावर गेले.

पुढच्या वर्षी तिला रजा मिळाली, तर परतीचा पाऊस सुंदररावांच्या धरणावर येऊन बसला. त्यांना हलता येईना. मला पुन्हा भरलं होतं, पुन्हा रिकामं केलं. मग हे दरवर्षीचंच झालं. पावसाळा संपत आला की संध्याकाळी नवरा-बायको मोबाईलवर अंदमानचे व्हिडिओ बघत बसायचे. सुंदरराव म्हणायचे, "इथं उतरायचं, मग बोटीनं इकडं जायचं." ती म्हणायची, "बोट लागंल का हो मला?" एवढ्यावरच त्यांची अर्धी सहल होऊन जायची. ज्या दिवसांत जायचं त्याच दिवसांत एकाचं धरण भरायचं आणि दुसरीचा दवाखाना. ह्यात कुणाची चूक म्हणून दाखवायची?

मी घरात नुसती बसून राहिले असं समजू नका. अंदमान सोडून मी सगळीकडे गेले.

कोरोनाची मोठी साथ आली तेव्हा सत्यशीला मला घेऊन बीडला गेली. तिथं नर्सेसना एका वसतिगृहात ठेवलं होतं. ती दिवसभर प्लास्टिकच्या पोशाखात असायची आणि खोलीवर आली की माझ्यावरच डोकं टेकून बसायची. घरी परतलो तेव्हा सुंदररावांनी मला अंगणात उभं करून औषधाचं पाणी फवारलं. माझ्या निळ्या रंगावर पांढरे डाग पडले ते तेव्हाचे. गीताबाई खिडकीतून ओरडत होत्या, "तिला उन्हात ऱ्हाऊ द्या! आन सुनंला आत घ्या आधी, उपाशी असंल ती!"

पुढं सायली बारावीच्या तयारीला लातूरला गेली, तेव्हा मी तिच्या वह्या-पुस्तकांनी फुगून गेले. ती पुण्याला कॉलेजात गेली तेव्हाही मीच. मग गीताबाई न्हाणीत घसरल्या, मांडीचं हाड मोडलं आणि अंबाजोगाईच्या दवाखान्यात सळई घालावी लागली. तिथं माझ्यात ताटल्या, टॉवेल, थर्मास, लुगडी असं सगळं होतं. सत्यशीला खाटेखाली चटई टाकून झोपायची. झोपायची म्हणजे आडवी व्हायची. सासू नुसती कण्हली तरी ही उठून बसायची.

"आत्याबाई, काय होतंय?"

"काय न्हाई. झोप तू."

पण तिला झोप लागायची नाही. घरी आल्यावरही तेच. गीताबाईंना उठवायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं, मग डबा भरून ड्युटी. हळूहळू गीताबाई काठी टेकत चालायला लागल्या. तोवर सत्यशीलाच्या डोळ्यांखाली काळं पडलं ते काही गेलं नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला ती वॉर्डात चक्कर येऊन पडली. घरी तिनं सांगितलं, "जेवले नव्हते म्हणून झालं." दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, "सिस्टर, तुम्ही स्वतः पेशंट व्हायच्या आत रजा घ्या. साथ आली तर आम्ही बघू." तरी ती रजा घेईना. शेवटी सायलीला कळलं आणि तिनं पुण्याहून परस्पर तिकिटं काढली. परभणीहून रेल्वेनं हैदराबाद आणि तिथून विमान.

"आई, आता नाही म्हणू नको," ती फोनवर म्हणाली. "मी सुट्टी काढून आजीजवळ येऊन राहते. तू आणि पप्पा जा."

मी कपाटावरून खाली आले. धूळ पुसली गेली. सत्यशीलानं मला पलंगावर उघडं ठेवलं आणि साड्या लावायला सुरुवात केली. कितीतरी वर्षांनी मी तिचं गुणगुणणं ऐकलं.

आणि पाऊस परत आला.

तुम्हाला मराठवाड्यातला परतीचा पाऊस ठाऊक असेल. येतच नाही म्हणता म्हणता येतो आणि मग जायचं नाव घेत नाही. सोयाबीन शेतात उभं कुजलं. सिंदफणा नदी पात्राबाहेर आली. धरण भरलेलंच होतं. दरवाजे उघडावे लागले. नदीकाठच्या गावांत गाडीवर भोंगा लावून लोकांना वर यायला सांगत होते. सुंदरराव सकाळी घरी आले ते चिखलानं भरलेले. दारातच उभे राहिले, आत आले नाहीत.

"सत्यशीला, माझी रजा गेली."

"कळलं," ती म्हणाली.

"तू जा. सायलीला ने संगं."

"तिची परीक्षा पुढं आलीय. ती आत्याबाईंजवळ येणार होती, तेच जमंना आता. कालच फोन आलता तिचा."

"मग एकटी जा."

"असं पाणी आलेलं असताना तुमाला सोडून? आन आत्याबाईंना कुणाजवळ ठेवू?"

 तिनं त्यांना उभ्या उभ्या चहा दिला, तो पिऊन ते परत गेले. नदीकाठी माणसं होती. ते तरी काय करणार?

सत्यशीला माझ्याजवळ आली आणि एक एक कपडा काढायला लागली. रडली नाही. घड्या न मोडता, जशा ठेवल्या होत्या तशाच काढत होती. तिला त्याची सवय झाली होती.

"काय करायलीस?" गीताबाईंनी खाटेवरून विचारलं.

"काढून ठेवायले."

"कावून?"

"हे न्हाई येत. मग कशाला?"

गीताबाई काठी टेकत उठल्या. पलंगापर्यंत यायला त्यांना वेळ लागला. माझ्या काठाला धरून त्या उभ्या राहिल्या.

"दर साली ही पेटी भरताना तुला बघते," त्या म्हणाल्या. "आन रिकामी करताना बी बघते. भरताना तू गाणं म्हणतीस. रिकामी करताना चेन सुदिक वाजू देत न्हाईस, मला ऐकू जाईल म्हणून. पर मला ऐकू येतंय पोरी. म्या म्हातारी हाय, बहिरी न्हाई."

सत्यशीलानं हातातली साडी छातीशी धरली.

"ठेव ती साडी परत. म्या येते तुझ्या संगं."

"तुमी?"

"म्याच. पाय हाय, काठी हाय."

"आत्याबाई, विमानात बसायचंय. मग बोटीत. तुमालाच भ्या वाटत होतं ना काळ्या पाण्याचं?"

"वाटतंय की अजून," गीताबाई म्हणाल्या. "पर तू अशीच एक दिवस वॉर्डात पडून ऱ्हायलीस तर, त्याचं जास्ती वाटतंय."

ती पडल्याचं खरं कारण म्हातारीला कुणी सांगितलं नव्हतं. तरी तिला कळलं होतं. सत्यशीला पलंगावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. मग सायलीला फोन केला. सुंदररावांचं तिकीट रद्द झालं, आजीचं नवं निघालं. माझ्यातून ती फुलांची विजार बाहेर गेली आणि दोन नऊवारी लुगडी आत आली. वर गुडघ्याला चोळायचं तेल, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ. "तिकडं भाकरी मिळंना झाली तर?" असं गीताबाईंचं म्हणणं.

प्रवासाचं काय सांगू! हैदराबादच्या विमानतळावर गीताबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवायला एक पोरगा आला, तर म्हणाल्या, "म्या काय मेले का, मला ढकलत न्यायला?" मग बसल्या आणि बसल्यावर त्यांना ते आवडलं. सुनेला म्हणाल्या, "तू बी बस की मागवून एक." मला त्यांच्यापासून वेगळं करून पट्ट्यावर टाकलं आणि विमानाच्या पोटात नेऊन आपटलं. तिथं अंधार होता आणि कडाक्याची थंडी. समुद्रावरून मी गेले, पण बघितला नाही. माझं एक चाक तिथंच कुठंतरी मोडलं.

बेटावर आम्हाला एक लहानशी खोली मिळाली. पुढं व्हरांडा, मग नारळाची झाडं, त्यापुढं समुद्र. मी खोलीत कोपऱ्यात होते. मला दारातून निळं काहीतरी हललेलं दिसायचं, एवढंच. पण आवाज यायचा. सारखा, न थांबता.

सत्यशीलानं मला उघडलं, सासूचं लुगडं काढून दिलं, तेल काढून दिलं, त्यांचा पाय चोळला. "तोंड धुते, मग समुद्रावर जाऊ," असं म्हणाली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"जरा टेकते," म्हणाली.

आणि झोपली.

पायातल्या चपला तशाच होत्या. गीताबाईंनी काठीच्या टोकानं त्या हळूच खाली ढकलल्या. अंगावर चादर ओढली. ऊन उतरलं, दिवा लागला, पुन्हा उजाडलं. ती कूस बदलायची आणि पुन्हा झोपायची. गीताबाईंनी सोबत आणलेल्या दशम्या खाल्ल्या आणि खुर्ची ओढून दारात बसल्या.

सकाळी गाडीवाला आला. त्या दिवशी बोटीनं दुसऱ्या बेटावर जायचं ठरलं होतं. त्यानं दारावर थाप मारायला हात उचलला, तर गीताबाईंनी काठी आडवी धरली.

"बाई सोई है. उठाना नही."

"माताजी, बोट छूट जाएगी."

"छूटने दे."

"पैसा वापस नही मिलेगा, माताजी."

"मैं मांगी क्या तेरे कू?"

निजामाच्या राज्यात जन्मलेल्या बापाकडून त्या ही बोली शिकल्या होत्या. गाडीवाला हसला आणि गेला. जाताना दोन शहाळी ठेवून गेला.

मग फोन वाजला. सुंदरराव होते. गीताबाईंनी कुठंतरी बोट लावलं आणि त्यांचा चेहरा दिसायला लागला. दाढी वाढलेली, डोळे लाल. मागं दरवाज्यातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज होता.

"माय, पोचलाव का नीट? कुठं हाय ती? कालपासून फोन करायलोय."

"हळू बोल. झोपली हाय."

"आत्ता? दिवसा? ताप हाय का तिला?"

"न्हाई रे. अंग गार हाय, बघितलं म्या. झोपली हाय नुसती."  मग म्हणाल्या, "सुंदर, तुझं लगीन झाल्यापासून ती माझ्या आधी उठली आन माझ्या मागून निजली. तिचं झोपलेलं तोंड म्या आज पहिल्यांदा बघायले. तू बघितलंस का कधी?"

 तिकडून धरणाच्या पाण्याचा आवाज येत राहिला आणि इकडून समुद्राचा. दोन्ही मिळून एकच आवाज झाला. मग सुंदररावांनी विचारलं, "दाखवतीस का?"

गीताबाईंनी फोन पलंगाकडं धरला. बराच वेळ धरला. एक हात दमला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.

सत्यशीला दुपारी जागी झाली. धडपडून उठली. "आत्याबाई, उठवलं कावून न्हाई? गाडी येणार होती ना?"

"आलती. गेली."

"आन बोट?"

"ती बी गेली. पाणी हाय की अजून तिथंच. घे, शहाळं घे."

तिनं शहाळं तोंडाला लावलं. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. मी एवढी वर्षं तिला बघतेय. ती इतकी लहान कधी दिसली नव्हती.

संध्याकाळी दोघी एकमेकींना धरून पाण्याकडं गेल्या. मी काही गेले नाही. परत आल्या तेव्हा दोघींची लुगडी गुडघ्यापर्यंत ओली होती आणि गीताबाईंची काठी वाळूत विसरली होती. ती आणायला सत्यशीला पळत गेली. खरंच पळत गेली. बाकीच्या दिवसांतही त्या फार कुठं फिरल्या नाहीत. खाल्लं, समुद्र बघितला, झोपल्या. माझ्यात चटणी कमी होत गेली आणि वाळू वाढत गेली.

परतलो तेव्हा पूर ओसरला होता. परभणीच्या स्टेशनवर सुंदरराव घ्यायला आले होते. सासू-सून दोघी एकदमच बोलायला लागल्या. सुंदररावांनी मला उचललं, कारण मी ओढली जात नव्हते.

आता ते चाक दुरुस्त होत नाही. माझी चेन मध्येच अडते. सत्यशीलानं माझ्यात हिवाळ्याच्या गोधड्या भरून मला पलंगाखाली सरकवलंय. मला वाईट वाटत नाही. खूप फिरले. पुढच्या प्रवासाला दुसरी कुणी येईल, ती माझ्याहून हलकी असेल.

परवा रविवार होता. सायली सुट्टीला आलीय. दुपारी स्वयंपाकघरात तिच्या हातून पातेलं पडलं. सुंदरराव लगबगीनं गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हळू गं. तुझी आई झोपलीय." सत्यशीला माझ्या वरच, पलंगावर झोपली होती. त्यांनी येऊन खिडकीचा पडदा ओढला, तिच्या अंगावरची चादर नीट केली आणि बाहेर जाऊन दाराशी पेपर घेऊन बसले.

तुमच्याही घरात कुणीतरी बॅग भरून गुपचूप रिकामी करत असेल. तिला कुठंतरी घेऊन जा. समुद्रच पाहिजे असं नाही. आणि तिथं पोचल्या पोचल्या ती झोपली, तर उठवू नका. बोट जाऊ द्या. तुम्ही दाराशी बसा.